निम्म्याच्या आत

१ जुलै, मंगळवार

आज एका धडधाकट माणसाला मी जवळजवळ मारलंच होतं. कागदावर.

हार्ट वॉर्डातला पहिला दिवस. जनरल वॉर्डातून मला उचलून इथे आणलं, कारण इथली एक सिस्टर लग्न होऊन बडोद्याला गेली. सकाळी सकाळी पाच नंबरच्या काकांचा ईसीजी काढायला सांगितला. काढला. कागदावर नुसतं रान माजलेलं! वरखाली, वेडंवाकडं, एक ठोका कळेल तर शपथ. पुस्तकात असंच चित्र बघितलं होतं – हृदय नुसतं थरथरतं, माणूस मिनिटांत जातो. मी कागद घेऊन पळत सुटले. ट्रॉली ओढा, डॉक्टरांना बोलवा! सगळा वॉर्ड गोळा झाला आणि काका खाटेवर बसून खाखरा खात होते.

एसीच्या खाली होते बिचारे. थंडीने कुडकुडत होते, ते कागदावर आलं.

सरला सिस्टर आमच्या इनचार्ज, अकोल्याच्या. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. कागद माझ्या हातातून घेऊन घडी केली आणि म्हणाल्या, "आधी माणूस पाय, मग कागद पाय." त्यांच्याकडे 'बघ'ला 'पाय' म्हणतात. वर हेही सांगितलं – महिनाभरात कागद वाचता आला नाही तर जनरल वॉर्डात परत.

परत जाणार नाही. जीव गेला तरी.

३ जुलै, गुरुवार

उजव्या हाताची क्लिप डाव्याला, डाव्याची उजव्याला. एका मारवाडी आजींचं हृदय मी उजव्या बाजूला नेऊन ठेवलं. सरला सिस्टर म्हणाल्या, देवाने ठेवलंय तिथेच राहू दे.

६ जुलै, रविवार

सुट्टी. घरात बसून पुस्तक वाचते आहे. पी, मग क्यूआरएस, मग टी. आधी एक बारीकशी टेकडी, मग उंच सुळका, मग एक ऐसपैस टेकडी. हे एवढं जमलं की एक ठोका. सांगायला सोपं.

आत्याने मला पुस्तकात तोंड घालून बघितलं आणि नाक मुरडलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वडिलांची सख्खी बहीण. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, त्यामुळे मी पाळण्यात असल्यापासून लखनची. अमळनेरहून सुरतेला आले ते नवागामच्या या दोन खोल्यांत. सासरे – सुकदेवमामा – आत्याचे आत्येभाऊच. म्हणजे त्यांचंही तसंच. लग्नात सगळे म्हणत होते, मुलगी कुठे परक्या घरी चालली आहे!

मामा बमरोलीला लूमवर. आयुष्य खटखटाटात गेलं, कान गेले. कारखान्यात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, सगळे हातवाऱ्यांनी बोलतात – धागा तुटला, बॉबीन दे, शेठ आला. तीच भाषा घरी आली. म्हणून कुंदन जन्मापासून ठार बहिरी आहे हे या घराला कधी मोठं दुःख वाटलंच नाही. माझी नणंद, एकोणीस वर्षांची. सगळी गल्ली तिच्याशी हातांनी बोलते. प्रत्येकाची एक खूण आहे. आत्याची – नथ चिमटीत धरायची. लखनची – स्टेअरिंग फिरवायचं. माझी – मनगटावर दोन बोटं. तिची स्वतःची – हनुवटीवर एक बोट, जिथे तिचा तीळ आहे.

घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. माझ्या दुप्पट वेगाने. मी एकदा मदत करायला गेले तर सगळे खडे काढून परत लावले!

तिला मधूनच फिट येते. पळाली, खूप हसली, खूप चिडली की कोसळते. लहानपणी डॉक्टरांनी मिरगीची गोळी दिली, ती चालू आहे. गोळीने फिट थांबत नाही, पण गोळीही थांबत नाही.

९ जुलै, बुधवार

पहिला स्वच्छ कागद! एकही क्लिप चुकली नाही!

कुंदन माझा डबा घेऊन आली होती. दुपारी वॉर्ड शांत होता. सरला सिस्टरांनी मोकळीक दिलीच आहे – सरावाला जो सापडेल त्याला झोपवा. कुंदनला झोपवलं. पडदा लावला. तिला गुदगुल्या होत होत्या, हसू दाबत होती. वॉर्डातलं जुनं मशीन नुसता कागद काढतं, आकडे बिकडे देत नाही, सगळं आपणच बघायचं. बघितलं. ठोके सारखे. पी आहे, सुळका आहे, टी आहे. गती बरोबर.

नॉर्मल! सिस्टर राउंडला होत्या, त्यांना दाखवायला थांबले नाही. कागद इथे डायरीत ठेवते, पहिली कमाई म्हणून. आत्याला संध्याकाळी सांगितलं, कुंदनचं हृदय एकदम ठणठणीत आहे. आत्याने माझ्याकडे पहिल्यांदाच जरा मानाने बघितलं. भाजीत तेलही जास्त घातलं.

१३ जुलै, रविवार

यंदा कानबाई आमच्या घरी बसणार. भाऊबंदांची बैठक झाली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसवायची, रोट म्हणजे जाड पोळ्या करायच्या, सोमवारी वाजतगाजत तापीवर न्यायची.

आत्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की कुंदन देवीच्या पुढे नाचणार.

दोन वर्षांपूर्वी मिरवणुकीत कुंदन नाचता नाचता पडली होती. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. बायका म्हणाल्या, कानबाई अंगात आली. तिच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, नगरसेवकांची म्हातारी आईसुद्धा पाया पडली म्हणे. एरवी "मुकी" म्हणून हाक मारणाऱ्या बायका! गेल्या वर्षी मात्र आत्या घाबरली, घरातून बाहेर सोडलं नाही. आत्याला एकच मुलगी आहे, वेडी नाही ती.

"आते भ्याव नही," आत्या बैठकीत म्हणाली. "सुवर्णानी मशीनवर दखेल शे."

मी मशीनवर बघितलंय म्हणून आता भीती नाही! मला केवढा अभिमान वाटला. खरं लिहायचं तर छाती फुगली.

१५ जुलै, मंगळवार

पाळीचे चार दिवस वर गेले. उगाच आशा नको. लग्नापासून असं तीनदा झालं आहे.

१८ जुलै, शुक्रवार

आज खरोखरीचं बघितलं. आठ नंबर, कतारगामचे हिरेवाले, माझ्याशी पावसाच्या गप्पा मारत होते. वर मॉनिटरवर सुळके रुंद झाले, एकमेकांना चिकटले, आणि ते वाक्याच्या मधेच थांबले. डोळे उघडे. या वेळी मी आधी माणूस बघितला. मानेला बोटं लावली – काही नाही. छाती दाबायला घेतली. सरला सिस्टरांनी शॉक दिला. परत आले.

"हां, तो हूं शुं केहतो हतो?" म्हणाले. आपण काय सांगत होतो ते विचारत होते!

बाथरूममध्ये जाऊन रडले.

२३ जुलै, बुधवार

हे नीट लिहून काढते, म्हणजे मला धीर येईल.

दुपारी डॉ. वशी सरांनी आम्हा चौघींना कागद समजावले. एका बाईंना कुठल्यातरी औषधाने त्रास झाला होता, त्यांचा ईसीजी. सर म्हणाले, लय बघता, गती बघता, पण टी कुठे संपते ते कुणी बघत नाही. ठोका पडल्यावर हृदयाला पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. तो वेळ लांबला आणि पुढचा ठोका मधेच घुसला की सगळा गुंता. सोपी खूण सांगितली – दोन सुळक्यांच्या मधलं अंतर घ्या, निम्मं करा. टी त्या निम्म्याच्या आत संपली पाहिजे. पुढे गेली तर मला बोलवा.

असे लोक कसे येतात आपल्याकडे, असं कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, बहुतेक वेळा मिरगीचे म्हणून येतात. पळताना पडतात, पाण्यात पडतात, रागात पडतात.

घरी येऊन चपलाही काढल्या नाहीत, डायरी उघडली. कुंदनचा कागद. तोच, माझी पहिली कमाई.

निम्म्याच्या पुढे. थोडीथोडकी नाही. ती रुंद, सुस्त टेकडी पुढच्या ठोक्याच्या दाराशी जाऊन संपते. सगळ्या ठोक्यांत. मी बोटाच्या नखाने, मग कागदाच्या कडेने, मग पट्टीने मोजलं. पुन्हा पुन्हा.

कुंदन समोर बसून खडे लावत होती. वर बघून खूण केली – जेवलीस का?

२४ जुलै, गुरुवार

सरला सिस्टरांना कागद दिला. त्या उठून सरळ वशी सरांकडे. सरांनी कागद उजेडाकडे धरला. वय विचारतील वाटलं, फिटबद्दल विचारतील वाटलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला –

"आ छोकरी सांभळे छे?"

हिला ऐकू येतं का! कागदावर कान कुठे असतात? मी नकारार्थी मान हलवली. जन्मापासून नाही, मी म्हणाले. सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

जे लांब टी करतं तेच कान घेऊन जातं, असा एक दुर्मीळ प्रकार आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी दोन्हीकडून खोट आली तरच. मिरगी कधी नव्हतीच. प्रत्येक वेळी ती पडली तेव्हा तिचं हृदय थांबायच्या बेतात होतं आणि आपलं आपण परत आलं. प्रत्येक वेळी येईलच असं नाही. पळायचं नाही, नाचायचं नाही, गोळी लगेच सुरू, पुढे छातीत एक मशीन बसवायचं बघू.

नाचायचं नाही.

मी हा कागद दोन आठवडे जवळ ठेवून नॉर्मल म्हणत होते. माझा मलाच इतका राग आला आहे की जेवण गेलं नाही.

२५ जुलै, शुक्रवार

आत्याला सांगितलं. जे बोलायचं ते सगळं चुकीच्या क्रमाने बोलले.

आत्या भाकरी थापत होती. थापतच राहिली. लहानपणी सुरतेच्या मोठ्या डॉक्टरांनी मिरगी सांगितली, ते खोटे? मी शिकाऊ, मी खरी? तिला एकच धरून बसायचं होतं. शेवटी हात धुतले आणि माझ्याकडे वळली.

"तूच सांगेल व्हतं ना, काहीच नही शे म्हनीसन? मी देवीले बोली चुकनी. आते देवीले काय सांगू, सुवर्णाले वाचता येत नही म्हनू?"

हो, तसंच सांगा, असं मी म्हणाले. खरंच म्हणाले. लखनने मला खोलीबाहेर ओढलं.

२७ जुलै, रविवार

लखन माझ्या बाजूने आहे. जास्त बोलत नाही तो, टेम्पो चालवतो, कापडाचे ताके पोचवतो, घरी येऊन झोपतो. पण काल आईला म्हणाला, "हॉस्पिटलले लई जाऊ, बस." आणि आत्याने हो म्हटलं. मुलाचं ऐकते, सुनेचं नाही. असो, ऐकलं ना!

मामांनी विचारलं, मी काय कारखान्यातून आणलं का हे? मी म्हटलं, नाही मामा, हे रक्तातलं आहे. त्यांना ऐकू गेलं नाही. मग हाताने सांगितलं. ते आपल्या हाताच्या शिरा बघत बसले.

खरी लढाई कुंदनशी. तिला कागद दाखवला, निम्म्यावर नख ठेवून टी कुठे जाते ते दाखवलं. हुशार आहे, लगेच समजलं. मग नाचायचं नाही ही खूण केली तर डोळ्यांत आग! तिची भाषा मला पूर्ण येत नाही, पण हे कळलं – वर्षातून एक दिवस लोक माझ्याकडे बघतात. तोही तू घेतेस.

मीच शेवटी तोडगा काढला. कानबाई लखनच्या टेम्पोत, कुंदन देवीशेजारी बसेल. सगळ्यांना दिसेल, पण बसून. नदीजवळ आत्या देवी डोक्यावर घेईल. कुंदनने होकाराची मान हलवली.

आत्या म्हणाली, देवी बघून घेईल. टोमणा होता की होकार, कळलं नाही.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

कुंदनची गोळी सुरू. सरांनी सांगितलं, एकही चुकवायची नाही. ती म्हणते हात थंड पडतात, खडे हळू लागतात.

आणि – सकाळी चाचणीची पट्टी बघितली. दोन रेघा!!

कुणाला सांगितलेलं नाही. लखनलाही नाही. कानबाई पार पडू दे. फक्त या पानाला माहीत आहे. आज वॉर्डात मला सगळे कागद सुंदर दिसत होते, मेलेल्यांचेसुद्धा.

३ ऑगस्ट, रविवार

देवी बसली. नारळाला नथ, डोळे, साडी – बघत राहावं अशी. आत्याच्या हाताला खोट नाही. दिवसभर उपवास, मग रोट. हे रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला कणही नाही. आत्याने पहिला घास मला दिला. आमच्या भांडणानंतर पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. मी घरची, म्हणून.

मिरवणुकीसाठी उद्या रजा टाकली आहे. टेम्पोला केळीचे खांब बांधून झाले.

४ ऑगस्ट, सोमवार

कुंदन आयसीयूत आहे. जिवंत आहे. लिहवत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

आता लिहिते.

माझाच तोडगा. ती टेम्पोत देवीशेजारी बसली होती, नवी हिरवी साडी, केसांत गजरा. मी खाली चालत होते, डोळा तिच्यावर. आधी ठीक होतं. गल्लीच्या तोंडाशी ढोल टेम्पोच्या अगदी मागे आले. आणि मला तेव्हा कळलं – टेम्पोचा पत्रा! ढोल ऐकू येत नाही तिला, पण पत्र्यातून अंगात शिरतो. जमिनीवर तिला जेवढं जाणवलं नसतं त्याच्या दहापट. मीच तिला ढोलात नेऊन बसवलं होतं. तिने तळवे पत्र्यावर ठेवले. मग उभी राहिली. मी हात उंचावून खूण करत राहिले – बस, बस, बस – तिने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि खाली उडी मारली.

नाचली. मी गर्दीतून तिच्यापर्यंत पोचेपर्यंत नाचली. इतकं सुंदर मी कुणाला नाचताना बघितलं नाही, हेही लिहायलाच हवं. मग पडली.

बायकांचं कडं झालं. कुणी पाणी आणलं, कुणी हळदीकुंकू. मला आत सोडेनात – अंगात आलंय, हात लावू नको! मी दोघींना ढकललं, एकीच्या दंडाला चावले असेन बहुतेक. आधी माणूस पाय. तोंड पांढरं. मानेला बोटं लावली. काही नाही. काहीच नाही.

छाती दाबायला लागले. लगेच मागून माझी वेणी ओढली, पाठीत धपाटे. देवीला बुक्क्या मारते ही! शोभाबाई, आमच्या समोरच्या, माझा हात धरून बसल्या. मी वर बघितलं. आत्या उभी होती. टेम्पो अडल्यावर तिने कानबाई डोक्यावर घेतली होती आणि आता नदीपर्यंत ती खाली ठेवता येत नाही. दोन्ही हात देवीला धरलेले, पायाशी पोर पडलेली.

"सरका," आत्या म्हणाली. मोठ्याने नाही. "ती करी राहिनी ते करू द्या."

देवी जिच्या डोक्यावर, तिचं सगळ्यांनी ऐकलं.

दाबत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. बरगडी माझ्या हाताखाली कड्कन वाजली. आणि मग तिने श्वास घेतला, आचका दिल्यासारखा. डोळे उघडले. तिने एक हात वर केला आणि खूण केली – काय झालं?

लखनने केळीचे खांब तसेच ठेवून टेम्पो हॉस्पिटलकडे हाणला. आत्या आली नाही. देवी घेऊन पायी तापीवर गेली, बुडवून ओल्या साडीनेच हॉस्पिटलात आली.

वॉर्डात पोचल्यावर पुन्हा एकदा झालं. या वेळी मॉनिटरवर. सुळके आधी मोठे, मग बारीक, मग मोठे, सुताला पीळ द्यावा तसे. मामांनी ते बघितलं आणि हाताने खूण केली, कारखान्यातली – धागा तुटला. सरला सिस्टर तयारच होत्या, औषध गेलं, पीळ सुटला.

नंतर कळलं, कुंदनने दोन दिवस गोळी घेतलीच नव्हती. उपवासाला नको, अशी खूण तिने आईला केली होती. आणि आत्या म्हणाली होती, दोन दिवसांनी काय होतं. मी विचारलं नाही. मला विचारायला हवं होतं.

९ ऑगस्ट, शनिवार

कुंदनने आयसीयूत लखनला राखी बांधली. बोटाला क्लिप, हाताला सलाईन, तरी गाठ तिचीच पक्की. सोमवारी छातीत मशीन बसवणार. ट्रस्ट निम्मं बघेल म्हणे, बाकीचं लखन आणि भाऊबंद बघतील.

लखनला दुसरी बातमी दिली. पार्किंगमध्ये, टेम्पोत. आधी हसला, मग स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडला. घरी सांगू नको म्हटलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत!

आत्याने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "घरनी पोर, घरनंच रगत," म्हणाली. इतकी खूश मी तिला कधी बघितली नाही. मीही खूश आहे. घाबरत घाबरत, पण आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मशीन बसलं. कुंदन टाक्यांच्या जागेवरून सारखा हात फिरवते.

वशी सरांनी घरच्या सगळ्यांचे ईसीजी मागितले. आईबाप, भाऊ. ज्याच्याकडे एकच बाजूची खोट असते त्याचे कान शाबूत, पण टी थोडी लांबू शकते. त्यालाही जपायला हवं, काही औषधं टाळायला हवीत.

मीच काढले. मामा – निम्म्यावर येऊन टेकलेली. आत्या – थोडी पुढे. लखन – पुढे. पण सर म्हणाले, घाबरू नका, लखनला दुसऱ्या बाजूची नाही. जन्मभर काही न होता जगतील. मुलांचं काय, मी विचारलं. सर म्हणाले, त्याची बायको बाहेरची असेल तर मुलाला दोन्हीकडून येणार नाही. मग माझ्याकडे बघून हसले – "वहू तो बहारनी ज होय ने!"

हो, मीही हसले. सून बाहेरचीच की. तपासणीच्या तक्त्यात माझ्या नावापुढे मी स्वतः लिहिलं – लागू नाही. सरला सिस्टरांनी सही केली.

१३ ऑगस्ट, बुधवार

आत्या कुंदनसाठी पेज ढवळत होती. आपण होऊन बोलली, माझ्याकडे न बघता. तिच्या डोक्यात इतके दिवस तेच घोळत असणार.

"तुन्हा बाप बी असाच पडे. बोरी नदीना डोहमा, पोहता पोहता. आसरा लागन्यात म्हनेत सगळा."

मी म्हटलं, कोण? ती म्हणाली, मन्हा भाऊ. तुन्हा बाप.

पेज उतू गेली.

रोटाला मी घरची. पहिला घास माझा. लग्नात घरची, बातमीला घरची, घरचंच रक्त. आणि त्या तक्त्यात सगळ्यांच्या लेखी बाहेरची – सरांच्या, सिस्टरांच्या, माझ्या स्वतःच्या हाताने! अख्खं घर तपासलं आणि एक मी राहिले.

उद्या दुपारी, वॉर्ड शांत असताना, माझा कागद काढायचा. कुंदन तिथेच आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

क्लिपा कुंदननेच लावल्या. तिला आता सगळ्या जागा पाठ आहेत. उजवा हात, डावा हात, एकही चुकली नाही. बटण दाबलं, कागद आला. मी डोळे मिटून घेतले, म्हणून तिनेच तो फाडला, दोन सुळक्यांच्या मधोमध नख ठेवलं आणि माझ्यापुढे धरला.

निम्म्याच्या पुढे.

मला भयंकर भीती वाटते आहे. कुंदनने कागद खाली ठेवला. माझ्या पोटाकडे बोट केलं, मग तेच बोट आपल्या हनुवटीवर, तिळावर टेकवलं – तिची स्वतःची खूण. हसत होती.